तीस इंचांवरची पंगत

आमच्या घरी डायनिंग टेबल आलं ते आईच्या गुडघ्यांमुळे. टेबलावर जेवणं ही साहेबाची देणगी, असं लोक म्हणतात. आमच्या भागात त्याला फारसा आधार सापडत नाही. 1854 मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं तेव्हापासून 1947 पर्यंत साहेब भंडाऱ्यात राहिला. कचेरीत त्यानं टेबल आणलं, मालगुजाराला खुर्चीत बसायला शिकवलं. पण जेवणाची वेळ झाली की मालगुजार खुर्चीतून उठायचा, पाय धुवायचा आणि पाटावर येऊन बसायचा. साहेबाला नव्वद वर्षांत जे जमलं नाही ते झिजलेल्या गुडघ्यांनी वीस वर्षांत करून दाखवलं. आमच्या शहापुरात ज्या घरी डायनिंग टेबल दिसेल त्या घरी साठी उलटलेलं एक माणूस आणि कपाटावर ठेवलेला एक एक्स-रे हमखास सापडेल.

आईचा एक्स-रे नागपूरच्या डॉक्टरांनी उजेडात धरला आणि एका दमात तीन हुकूम सोडले. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर जेवायला बसायचं नाही. आईनं शांतपणे विचारलं, "मंग काय उभ्यानं जेवू? मी काय घोडा हाये?" लग्नातल्या बुफेबद्दल तिचं मत आधीपासूनच वाईट होतं. आता डॉक्टरही त्या कटात सामील आहेत अशी तिची खात्री पटली.

घरी आल्यावर मी पुण्याला मुलाला फोन केला. त्यानं पाच मिनिटांत मोबाइलवर एक फोटो पाठवला. जाडजूड फळ्यांचं, खडबडीत पायांचं, जागोजाग भोकं आणि चरे असलेलं एक लांबलचक टेबल. "बाबा, याला फार्महाऊस टेबल म्हणतात. सध्या फार चालतं." मी नीट पाहिलं. लाकूड जुनं वाटावं म्हणून कारखान्यात नव्या फळ्यांना साखळीनं बडवतात, सुयांनी भोकं पाडतात, कडा घासून बोथट करतात, हेही त्यानं समजावून सांगितलं. किंमत विचारली. तेवढ्यात एक दुभती म्हैस आली असती, तीही खरोखरच्या शेतकऱ्याकडची.

मला गंमत याची वाटली की फार्महाऊस म्हणजे शेतकऱ्याचं घर, आणि आमचं घर दुसरं काय आहे? बांधीतला धान कापला की दिवाळीनंतर महिनाभर आमच्या घरात माणसांना पोत्यांच्या मधून वाट काढावी लागते. छपरीत खासराचं जुनं चाक टेकून ठेवलेलं आहे, सांदवाडीत तणसाचा ढीग आहे. इतकं सगळं असून आमच्या सात पिढ्यांत कोणी टेबलावर जेवलं नाही. आणि शेतकऱ्याच्या घरचं टेबल म्हणून जे विकतात ते पुण्याच्या आठव्या मजल्यावर जाऊन बसतं.

"विकत कशाला आणायचं? मीच बनवतो," मी म्हणालो.

बायको काही बोलली नाही. तिनं फक्त वरच्या फळीवरचा हळदीचा डबा काढून खाली, हाताशी येईल असा ठेवला.

माझी लायकी आधी सांगून टाकतो. एकतीस वर्षं मी हायस्कुलात गणित शिकवलं, त्यातही भूमिती जास्त. माझ्या दृष्टीनं टेबल म्हणजे एक आयत आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार लंब. सातवीतल्या पोरानं वहीत काढावं इतकं सोपं. मापंही ठरलेली आहेत. जेवायच्या टेबलाची उंची तीस इंच, खुर्चीची बैठक अठरा इंच, मधलं बारा इंचांचं अंतर मांड्यांसाठी. एका माणसाला ऐसपैस जेवायला चोवीस इंच रुंदी लागते. मी सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असा आयत घेतला. दोन्ही लांब बाजूंना तीन-तीन आणि दोन्ही टोकांना एक-एक, एकूण आठ माणसं. घरात आम्ही तिघं. पण एकदा भूमिती हातात आली की माणूस थांबत नाही.

लाकडाचाच तेवढा प्रश्न होता. आता, आमच्या मुलुखाचं नावच झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नजर जाईल तिकडे झाड. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी चंद्रपूरकडचं सागवान वाजतगाजत गेलं. दिल्लीच्या नव्या संसद भवनातही नागपूरचं सागवान लागलं. आमचं लाकूड थेट देवाच्या आणि देशाच्या दारात उभं आहे. पण आमच्या बांधावरचं सागाचं झाड मला तोडायचं म्हटलं तर त्याला माणसापेक्षा जास्त कागद लागतात. 1964 सालचा झाडतोडीचा कायदा आहे. अर्ज, सातबारा, पंचनामा, लाकडावर हातोड्याची निशाणी, मग वाहतुकीचा पास. आमच्याकडे शाळेत न गेलेला म्हाताराही या पासासाठीचा 'टीपी' हा शब्द असा सहज बोलतो, जसा पुण्याचा माणूस 'ओटीपी' बोलतो. कायदा चांगलाच आहे. तो नसता तर झाडीपट्टीत नुसती पट्टी उरली असती. पण त्यात आईचे गुडघे बसत नव्हते.

तोडगा आईनंच काढला. "घरात लाकूड हाये ना."

आमच्या घराचा मागचा भाग तीन वर्षांपूर्वी पाडून तिथे स्लॅब टाकला, तेव्हा कवेलूंच्या खालचा सागवानी म्याल सांदवाडीत आडवा करून ठेवला होता. बारा फूट लांब, आठ बाय आठ इंच जाड. आजोबांच्या वडिलांनी बसवलेला. मी हिशेब केला: बारा गुणिले चौसष्ट भागिले एकशे चव्वेचाळीस, म्हणजे सव्वापाच घनफुटांच्या वर माल. टेबलाला साडेतीन घनफूट लागत होता. वरचा पावणेदोन घनफूट शिल्लक! बायकोनं लगेच त्यातून पोळपाट, देव्हाऱ्याची पायरी आणि लोणच्याच्या बरणीचं स्टँड मागून घेतलं.

म्याल तसाच आरा मशीनवर नेता येत नव्हता, कारण त्यात खिळे होते. जुन्या लाकडातला एक खिळा चालत्या पात्याला लागला तर पातं जातं, आणि पात्यासमोर उभ्या माणसाचंही काही सांगता येत नाही. म्हणून आरावाले जुना माल पाहिला की आधी हात जोडतात. मी पक्कड, पहार आणि शाळेतलं एक निवृत्त लोहचुंबक घेऊन म्यालावर बसलो. आई बाजूला खुर्ची टाकून बसली. मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. लागले तीन दिवस.

कारण प्रत्येक खिळ्याला चरित्र होतं. पहिला उपटला तर आई म्हणाली, "हा कंदिलाचा. तुह्या बाबानं ठोकला, मॅट्रिकच्या वर्षी." दुसरा दुधाच्या शिंक्याचा, मांजरापासून. तिसरा आत्याच्या लग्नात मांडवाची दोरी बांधायला. एक खिळा वाकडा होता, तो ठोकताना काकांनी अंगठा फोडून घेतला होता. मग काका, त्यांचा अंगठा, त्यांचं लग्न, त्यांच्या सासरच्यांनी दिलेली कमी पितळी भांडी आणि त्यावरून झालेलं भांडण असं सगळं क्रमानं आलं. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो, त्यामुळे आमच्याकडची बरीच भांडणं त्याच धातूची असतात. मी पक्कड धरून बसून राहायचो. एकूण 27 खिळे निघाले. सत्ताविसावा खिळा नव्हताच. ती बोटाएवढी जाड लोखंडी कडी होती आणि ती निघाली तेव्हा लाकडात खोल भोक पडलं.

"हे पारन्याचं," आई म्हणाली. "यालेच टांगून तुले झुलवला." आणि थोडं थांबून, "लय रडे तू."

ज्या भोकासाठी फोटोतल्या टेबलवाल्यांना सुया तापवाव्या लागतात, ते भोक मला घरबसल्या, पुराव्यासकट मिळालं होतं.

म्याल ट्रॅक्टरमध्ये घालून आरा मशीनवर नेला. मशीनवर माझाच एक जुना विद्यार्थी निघाला. दहावीला भूमितीत दोनदा राहिला होता. कर्ण म्हणजे काय, हे त्याला चारदा सांगून कळेना म्हणून एकदा मी त्याचा कान धरला होता आणि म्हणालो होतो, "हा कर्ण." तेव्हा वर्ग हसला होता. त्याला ते आठवत असेल का, असा विचार करत मी उभा राहिलो. त्यानं पाया पडून खुर्ची दिली, चहा सांगितला, म्यालाभोवती एकदा फिरला आणि बोटानं टिचकी मारून म्हणाला, "सर, माल एक नंबर हाये. पन बाजूनं कीड हाये, तेवढं जाईन." फळ्या पाडल्या. कडेची कीड गेली, पोटातली एक चीर गेली, पात्यानं भुसा केला तो गेला. वरचा पावणेदोन घनफूट माझ्या डोळ्यांदेखत सव्वा झाला, मग पाऊण झाला. पोळपाट तेवढा वाचला.

आता भाषेची अडचण सुरू झाली. मी त्याला मिलिमीटर सांगत होतो, तो सूत मोजत होता. एका इंचाचे आठ सूत. "सर, हे दीड सूत जास्त हाये." सुतारकामात सगळा संसार सुतावर चालतो. आम्ही सुतावरून स्वर्ग गाठतो म्हणतात; मला टेबलापर्यंतही पोहोचता येईना. त्यानं मला एक गुण्या, एक रंधा, दोन पटाश्या उसन्या दिल्या आणि एक सवय शिकवली: जे काही लक्षात ठेवायचं ते कागदावर नाही, लाकडावरच लिहायचं. कागद हरवतो, फळी हरवत नाही. कोणती बाजू वर, कोणती कड कोणत्या कडेला, काय करायचं राहिलं, सगळं पेन्सिलीनं फळीच्या खालच्या अंगाला. मला ही पद्धत फारच आवडली. फळा आणि खडू सुटून चार वर्षं झाली होती. मी फळ्यांच्या पाठी भरून काढल्या.

फळ्या जोडताना दाबून धरायला लांब शिकंजे लागतात. ते मी मोबाइलवरून मागवले. आठ दिवसांनी निरोप आला की माल शहापूरला पोहोचला आहे आणि घेणारा सापडत नाही. मी दारात उभा राहून म्हणालो, मी इथेच आहे. नंतर कळलं की शिकंजे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरला, नाशिकच्या रस्त्यावर, माझी वाट पाहत होते. शहापूर नावाचं हे असं आहे. एक ठाण्यात तालुक्याचं गाव, एक बेळगावात लुगड्यांसाठी प्रसिद्ध, एक कर्नाटकात यादगीरकडे. आमचं त्यातलं चौथं, नागपूर-भंडारा हमरस्त्यावरचं. मुंबईहून कोलकात्याला जाणारा प्रत्येक ट्रक आमच्या अंगावरून जातो, फक्त आमचा माल सोडून. शेवटी शिकंज्याऐवजी मी फळ्यांना बैलाच्या दाव्यानं आवळलं आणि दोरीत दांडकं घालून पिळलं. आईनं पाहिलं आणि म्हणाली, "हे तं धानाचं पोतं बांधल्यावानी दिसते." पण फळ्या बसल्या. पाच फळ्यांची तीन फूट रुंदी तयार झाली.

काम छपरीतच चाललं होतं, कारण घरात भुसा नको, अशी अट होती. छपरी रस्त्याला लागून. ज्यांनी आयुष्यात कधी मला गणितातलं काही विचारलं नाही ते सगळे आता थांबून सूचना देऊ लागले. कोणी म्हणालं सागाला तेल पाजा, कोणी म्हणालं पाजू नका. एकानं रंधा उलटा धरल्याचं दाखवून दिलं. तो बरोबर होता. सहा फूट लांबीमुळे बहुतेकांना तो पलंग वाटायचा. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून बराच वेळ पाहत राहिले. लांबी पाहिली, रुंदी पाहिली, मग आवाज खाली आणून विचारलं, "कोनासाठी हाये, गुरुजी?"

आतून आईनं ओरडून सांगितलं, "माह्यासाठीच हाये!"

त्यांनी टोपी काढली. गावात संध्याकाळपर्यंत दोनजण चौकशीला येऊन गेले.

पायांना पट्ट्या जोडायला कुसू काढावे लागतात. पट्टीच्या टोकाला लाकडाची जीभ ठेवायची आणि पायात तिच्या मापाचं भोक पाडायचं. हे लिहायला जितकं सोपं, तितकं मी एकतीस वर्षं फळ्यावर सोपं करून काढत आलो. माझा पहिला कुसू भोकात जाईना. पटाशीनं तासला तर खुळखुळायला लागला. दुसरा गेला पण वाकडा. आठ सांध्यांपैकी पाच असे होते की त्यांत फेविकॉल आणि लाकडाचा भुसा मिळून भरावा लागला. सुतार मंडळी याला काय म्हणतात माहीत नाही, आमच्या खात्यात याला ग्रेस मार्क म्हणतात.

चौकट उभी केल्यावर मी गुण्या लावला. चारही कोपरे काटकोन. मी समाधानानं मागे सरलो. तेवढ्यात माजी विद्यार्थी मोटारसायकलवरून चालला होता, तो थांबला. खाली न उतरता, एक पाय जमिनीवर टेकवून त्यानं चौकटीकडे पाहिलं.

"सर, कर्ण मोजला का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी टेप लावला. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा सहा सूत मोठा निघाला. आयताचे कर्ण समान असतात, हे प्रमेय मी किमान दोन हजार पोरांना पाठ करायला लावलं असेल. एकालाच समजलं होतं आणि त्याला मी नापास केलं होतं. गुण्याचं पातं जेमतेम आठ-नऊ इंचांचं. त्यात न दिसणारी चूक पाच फुटांवर बोटभर होते. त्यानं उतरून चौकटीच्या लांब कर्णाला दोरी बांधली, दांडकं घातलं, पिळलं आणि पुन्हा मोजायला सांगितलं. सूतभर फरक. "चालते," तो म्हणाला. मग जाता जाता, फळीवर हात फिरवत, "वरची फळी कसून नका ठोकू, सर. पट्टीले लांबट भोकं पाडा, स्क्रू थोडा ढिला ठेवा. लाकडाले हालाले जागा पायजे."

तेवढं ऐकलं. पण फळ्यांच्या दोन्ही टोकांना मी ज्या आडव्या पट्ट्या बसवल्या, फोटोत होत्या तशाच, त्या मात्र पक्क्या चिकटवून टाकल्या. पूर्ण तीन फूट, ठिपकाभरही जागा न सोडता. त्याचं फळ मिळायला श्रावण उजाडायचा होता.

मृगाच्या आधी टेबल तयार झालं. पायसुद्धा डुगडुगले नाहीत, ते मी जमिनीवर नव्हे, पाण्याच्या पातळीवर तपासले होते. तेलाचे तीन हात दिले. लाकूड असं उजळलं की बायकोनं पहिल्यांदा माझ्याकडे आणि टेबलाकडे एकाच नजरेत कौतुकानं पाहिलं. पाळण्याचं भोक मी मुद्दाम खालच्या बाजूला घेतलं होतं, वर आलं असतं तर वरणाची वाटी तिरकी झाली असती. आईला ते पटलं नाही, पण ती म्हणाली, "चाल, आता अंदर घे. पानी येते."

चार पोरं बोलावली. टेबल उचललं. दारापर्यंत गेलो.

आमच्या आतल्या दाराची रुंदी सव्वीस इंच आहे. जुनी चौकट, दोन्हीकडे जाड सागवान. टेबलाची लांबी बहात्तर इंच, रुंदी छत्तीस, उंची तीस. या तीनपैकी कोणतीही संख्या सव्वीसपेक्षा लहान नाही. मी टेबल आडवं केलं, उभं केलं, पाय आधी घालून पाहिले, तिरकं धरून फिरवून पाहिलं. भूमितीत आकृती कशीही फिरवली तरी तिची मापं तीच राहतात, हेही मीच शिकवायचो. पाय काढता येणार नव्हते. पाच सांध्यांतला भुसा आणि फेविकॉल दगड झाला होता. इतकी वर्षं जे ग्रेस मार्क मी पोरांना द्यायला कुरकुरलो ते इथे नडले.

"सर, चौकट काढून देऊ का?" आरावाल्यानं विचारलं. "एका दिवसाचं काम हाये. अंदर टाकू, पुन्हा बसवू."

"खबरदार," आई म्हणाली. "त्या दारातून मी माप ओलांडून आली. तुमच्या टेबलासाठी ते उखडता?"

टेबल छपरीतच राहिलं.

आरावाला त्या दिवशी एवढंच करून गेला की उरलेल्या पाऊण घनफुटातून त्यानं तासाभरात एक पाट काढून दिला. खाली दोन आडव्या पट्ट्या, कडा गोल, कर्ण समान. दीड महिना मी घाम गाळला ते टेबल पाहायला येणारा प्रत्येक माणूस तो पाट उचलून उलटसुलट करतो आणि म्हणतो, "हे मस्त जमलं हो!"

पहिल्या जेवणाला आईसाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक अठरा इंच नसते, माणूस बसला की आणखी खचते, आणि आई मुळातच पावणेपाच फुटांची. ताट तिच्या हनुवटीला लागलं. पितळी ताट तेल पाजलेल्या फळीवर असं घसरायचं की एका हातानं घास आणि एका हातानं ताट धरावं लागे. तिनं दोन घास खाल्ले, उठली, तो नवा पाट आणला, खुर्चीवर ठेवला आणि त्यावर चढून मांडी घालून बसली.

"आई, डॉक्टर काय म्हणाले?"

"जमिनीवर बसू नको म्हनले. मी काय जमिनीवर हाये?"

ताट आता बरोबर उंचीवर आलं होतं. मी टेबल तीस इंचांवर नेलं आणि तिनं जमीनच दीड फूट वर उचलून आणली. तेव्हापासून ती तशीच जेवते. गुडघ्यांचं म्हणाल तर ते आधी होते तसेच आहेत, फक्त आता त्यांना रस्ता दिसतो.

रस्ता दिसतो, हीच पुढची भानगड. आतल्या खोलीत माणूस जेवतो तेव्हा तो फक्त जेवतो. छपरीत, रस्त्याला तोंड करून जेवणाऱ्या माणसाला आमच्याकडे एक कर्तव्य चिकटतं. समोरून कोणीही गेलं की म्हणायचं, "या जेवाले!" त्यानं म्हणायचं, "होऊ द्या." दोघांनाही माहीत असतं की कोणी येणार नाही आणि कोणी बोलावलेलं नाही. पण म्हटलं नाही तर गावात बोभाटा होतो. ही रीत जमिनीवर बसून जेवणाऱ्यांच्या हिशेबानं ठरलेली आहे. दाराआड, चुलीसमोर बसलेल्या माणसाला दिवसातून एखादाच वाटसरू दिसायचा. आमच्या छपरीसमोरून संध्याकाळी दुधवाला जातो, शेतावरची बायामाणसं जातात, सायकलीवरची पोरं जातात, जवाहरनगरच्या फॅक्टरीची पाळी सुटली की मोटारसायकलींची रांग जाते. आई कोणालाही सोडत नाही. एक घास, एक "या जेवाले". वरणभात संपायला पाऊण तास लागायला लागला.

आणि टेबल भलं मोठं. जमिनीवर जेवणारी तीन माणसं तीन माणसांची जागा अडवतात. आठ माणसांच्या टेबलावर तीन माणसं बसली की पाच जागा सगळ्या गावाला दिसत राहतात. "या जेवाले" म्हणताना समोर रिकामी खुर्ची असेल तर ते निमंत्रण खरं होऊन जातं. आपल्याला मेजवानी हा शब्द फारसीतून मिळाला, त्यात 'मेज' म्हणजे टेबल नुसता दडून बसला होता. इतकी वर्षं आपण जमिनीवर पत्रावळी मांडून मेजवान्या घातल्या, शब्दाला कोणी हटकलं नाही. आमच्याकडे तो मेज बाहेर आला. पहिल्यांदा दुधवाला बसला, पाणी प्यायला म्हणून. मग आईची एक मैत्रीण, तिचेही गुडघे. मग तिची बहीण, तिच्याजवळ एक्स-रेसुद्धा. जेवायला नसलं तरी गप्पांना, गप्पांना नसलं तरी पाट पाहायला. बायकोनं लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचं माप दुप्पट केलं आणि माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "अजी, चार फुटी बनवलं असतं तं?"

श्रावणात पाण्यानं जोर धरला. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत पारा जातो आणि हवा कापरासारखी कोरडी होते. त्या हवेत मी टेबल जोडलं होतं. पावसाळ्यात तेच लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. लांबीला जवळपास नाहीच, रुंदीला फुगतं. साग त्यातल्या त्यात शहाणा, ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत तो रुंदीला शेकडा पाचाच्या आसपासच आकसतो, म्हणून तर जहाजांना वापरायचे. पण तीन फुटांच्या शहाण्यालाही अडीच-तीन सूत जागा हवी असते. मी एका बाजूला ती दिली होती, टोकांना दिली नव्हती. मध्यरात्री छपरीतून 'फाट्' असा आवाज आला. बायको उठून बसली. "आरसा पडला?" मी बॅटरी घेऊन गेलो. टोकाची एक पट्टी सांध्यातून सुटून एका अंगानं वर आली होती. आयुष्यभर मी शिकवलं की आयताची लांबी आणि रुंदी दिलेली असते. ऋतूप्रमाणे बदलते, हे कोणत्याच क्रमिक पुस्तकात नव्हतं. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यानं येऊन पट्टी मधोमध एकाच ठिकाणी पक्की केली, दोन्ही कडांना मोकळी सोडली आणि मजुरीचं विचारलं तर म्हणाला, "जेवाले बोलवा."

ते आईनं ऐकलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला, बायको-पोरांसह. दुधवाला होता, आईच्या दोन्ही मैत्रिणी होत्या. आई पाटावर, बाकीचे जमेल तसे. दोन्ही टोकं भरली, लांब बाजू भरल्या. मी मोजलं, आठ झाले. भूमितीप्रमाणे बरोबर आठ. वाढून झाल्यावर मी माझं ताट घेऊन पाहिलं तर जागा नव्हती. नववा मी. पाटसुद्धा आईखाली होता. मी छपरीच्या पायरीखाली, टेबलाच्या पायाशी टेकून, जमिनीवर मांडी घालून बसलो. बऱ्याच दिवसांनी ताट घसरत नव्हतं.

वर आईचं चालू होतं, रस्त्यानं जाणाऱ्या कोणाला तरी ती हाक मारत होती. मी भात कालवला आणि सहज मान वर केली. टेबलाची खालची बाजू मी ते उलटवल्यापासून पाहिलीच नव्हती. मधल्या फळीत पाळण्याच्या कडीचं भोक होतं, काठाला गंजाची तांबूस कडा. भोवती पेन्सिलीनं माझंच हस्ताक्षर, बाण, आकडे, 'ही बाजू खाली', 'कीड पाहणे'. आणि भोकाच्या अगदी शेजारी, फळ्यावर काढायचो तसं टपोरं, अधोरेखित करून:

'दाराचं माप घेणे.'